एका वऱ्हाडी न्यायमूर्तीची शंका

अमरावतीस एका वयोवृद्ध वकिलांच्या घरी, माडीवरच्या ज्या खोलीत पूर्वी त्यांची कचेरी भरत असे त्या खोलीतील एका कपाटात, ज्याची काच केव्हाच फुटून गेली होती व तिच्या जागी जाड पुठ्ठा ठोकलेला होता, मला जुन्या कायद्यांची पुस्तके चाळावयास मिळाली. कसरीने पानांच्या कडा खाऊन टाकल्या होत्या आणि प्रत्येक पान उलटताना तपकिरीसारखी बारीक भुकटी मांडीवर सांडत होती. त्या पुस्तकांची नावे वाचता वाचता एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. १८८६ सालचा नगरपालिकांचा कायदा पाहावा, तर त्याच्या मुखपृष्ठावर ‘बेरार म्युनिसिपल लॉ’. १९०० सालचा पाटील-पटवाऱ्यांचा कायदा पाहावा, तर तोही ‘लॉ’च. इंग्रजी अंमलाखालील उरलेल्या हिंदुस्थानात कायदा म्हटला की ‘ॲक्ट’ हा शब्द यावयाचाच, मग वऱ्हाडातच हा ‘लॉ’ का, असे मी विचारले, तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांनी चष्मा कपाळावर सारला आणि मलाच उलट प्रश्न केला, “ॲक्ट कायदेमंडळानं करायचा असतो. पण मुलूख जर निजामाचा, तर इंग्रजाच्या कायदेमंडळाचा इथं काय संबंध?”

वऱ्हाडच्या न्यायदानाचा सारा इतिहास त्या एका प्रतिप्रश्नात साठविलेला आहे. या भूमीवर अंमल एकाचा आणि मालकी दुसऱ्याची हा प्रकार इतका जुना आहे, की तो तिचा स्वभावच म्हणावा. नागपूरकर भोसल्यांच्या काळी येथे दुअंमली होती. एकाच गावच्या वसुलात निजामाचाही वाटा आणि भोसल्यांचाही वाटा, आणि रयतेने दोघांच्याही कामदारांस तोंड द्यावयाचे. १८०३ च्या नोव्हेंबरात अकोल्याकडील अडगावच्या मैदानावर आणि पुढच्याच महिन्यात गाविलगडावर भोसल्यांचा मोड झाला, देवगावचा तह झाला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख निखळ निजामाचा ठरला. परंतु ही निखळ मालकी अर्धे शतकही टिकली नाही. ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचा खर्च थकला, या निमित्ताने लॉर्ड डलहौसीने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले. ताब्यात घेतले, खालसा केले नाही. हा भेद बारीक दिसतो, पण पुढील शतकभर त्यानेच वकिलांच्या पिढ्यान् पिढ्यांना काम पुरविले. नाव पडले ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’, म्हणजे हैदराबादेने लावून दिलेले जिल्हे. जिल्ह्यांचा कारभार इंग्रज कमिशनरांचा, त्या कमिशनरांवर हुकमत हैदराबादच्या रेसिडेंटाची, आणि सार्वभौमत्व मात्र कागदावर निजामाचे. पुढे १९०२ च्या नोव्हेंबरात लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खानांशी नवा करार करून सालीना पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा घेतला, आणि १ ऑक्टोबर १९०३ पासून हा मुलूख मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरच्या कारभारास जोडला गेला. पट्टा कायमचा असला तरी पट्टाच. घर कितीही वर्षे वहिवाटले तरी भाडेकरू घरमालक होत नाही, ही गोष्ट वऱ्हाडातील प्रत्येक मुन्सफास कुळकायद्यावाचूनही कळत होती.

परिणाम असा, की ब्रिटिश हिंदुस्थानात संमत झालेला कोणताही कायदा वऱ्हाडात आपोआप चालत नसे. गव्हर्नर जनरलने जाहीरनामा काढून तो ‘लागू’ करावा लागे, आणि लागू करताना त्यात जे फेरबदल सुचतील तेही करावे लागत. अमरावतीच्या वकिलास म्हणून कलमाचा अर्थ लावण्याआधी आणखी एक पायरी चढावी लागे: हे कलम येथे आहे काय, आणि असल्यास कोणाच्या अधिकाराने आहे? पुण्या-मुंबईच्या वकिलाच्या मनात हा प्रश्न सहसा उद्भवतच नसे. मॉर्ले-मिंटो सुधारणा आल्या आणि त्यांच्या मागून १९१९ च्या माँटफर्ड सुधारणा आल्या, तेव्हा तर या विचित्रपणाने कळस गाठला. वऱ्हाडचा मतदार मत देई, उमेदवार निवडून येई. परंतु परक्या मुलखातील रहिवाशाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळासाठी केलेली निवडणूक कायद्याने निवडणूक कशी म्हणावी, म्हणून निवडून आलेल्या गृहस्थाची सरकार पुन्हा ‘नेमणूक’ करी, आणि मग त्यास निवडून आलेला सभासद समजण्यात येई. त्याच काळात अमेरिकेतील कित्येक राज्यांत खुद्द न्यायाधीशही मतपेटीतून निवडले जात आणि मुदत संपली की पुन्हा मतदारांपुढे उभे राहत. आमच्याकडे कौन्सिलरदेखील निवडून येऊन नेमला जाई! या दोन टोकांपैकी कोणते अधिक हास्यास्पद, हे मी सांगू शकणार नाही.

अमेरिकेचा उल्लेख आलाच आहे, तर वऱ्हाडच्या कोर्टांचा आणि त्या देशाचा एक जुना संबंधही सांगून टाकतो. १८६१ ते १८६५ या वर्षांत तेथे यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांस दक्षिणेकडील कापूस मिळेनासा झाला, आणि त्यांच्या मागणीचा सारा रोख काळ्या कसदार जमिनीच्या या पट्ट्याकडे वळला. अमरावती, अकोला, खामगाव येथील कापसाच्या बाजारांत असा पैसा खेळू लागला की जो पूर्वी कोणी पाहिला नव्हता. रेल्वे आली, १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा फाटा उघडला. युद्ध संपताच भाव कोसळले. तेजीत घेतलेले कर्ज मंदीत फेडावे लागले, आणि जे फेडता आले नाही ते गहाणखतांच्या, रोख्यांच्या आणि अखेरीस हुकूमनाम्यांच्या रूपाने मुन्सफाच्या टेबलावर येऊन पडले. जमीनमहसुलाची पद्धत येथे मुंबई इलाख्याप्रमाणे रयतवारी असल्यामुळे खातेदारास आपला सर्व्हे नंबर विकता येई व गहाण टाकता येई. आणि ज्यास जे विकता येते ते त्याच्या हातून जातेही. वऱ्हाडातील वकिलीच्या धंद्यास आलेला बहर हा कापसाच्या बोंडावर आणि सावकाराच्या वहीवर आलेला बहर होता, हे कितीही कटू असले तरी सत्य आहे.

त्या बहराचे दृश्य ज्यांनी पाहिले अशा लोकांच्या तोंडून मी ते ऐकले आहे. सकाळची गाडी बडनेऱ्यास आली की पक्षकारांचे तांडे अमरावतीच्या कॅम्पाकडे निघत. कमरेला पंचा, डोक्यास मुंडासे, काखेत कागदांची सुरळी, आणि ती सुरळी लाल फडक्यात बांधलेली. पोटात शिदोरीची भाकर नाही पण स्टँपाचे पैसे मात्र धोतराच्या गाठीस घट्ट. कचेरीच्या आवारातील निंबाखाली अर्जनवीस सतरंजी टाकून बसलेले. नाझराच्या खोलीपाशी बेलिफांची वर्दळ. दस्तऐवजाची भाषा मोडीतून बाळबोधीत आली तरी तिच्यातील फारसी शब्दांचा ठसका गेला नव्हता: वकालतनामा, कैफियत, जबानी, फैसला, दरखास्त, जप्ती, फारखत. पक्षकाराला यांपैकी निम्मे शब्द समजत नसत, आणि जे समजत त्यांची त्याला धास्ती वाटे. वकिलाने तासभर कायदा समजावून सांगावा, आणि सगळे निमूट ऐकून घेतल्यावर त्याने एवढेच म्हणावे, “थे सारं खरं हाये साहेब, पन माहं वावर जाते का राह्यते, थे सांगा नं.”

अशा या वऱ्हाडात बाहेरून जी बुद्धिमान वकील मंडळी आली, त्यांत रावबहादुर मुधोळकरांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांचा जन्म १८५७ सालच्या मे महिन्यात खानदेशात धुळ्यास झाला. शिक्षण मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात. आणि वकिली वऱ्हाडात. कायद्यात त्यांची बुद्धी जितकी चाले तितकीच अर्थशास्त्रात. वऱ्हाड सार्वजनिक सभेच्या स्थापनेत ते होते. १८९० साली काँग्रेसने जे शिष्टमंडळ विलायतेस धाडले त्यात सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या जोडीला ते होते. आणि देशी उद्योगधंद्यांच्या परिषदेचे चिटणीस म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे जो आकड्यांचा व माहितीचा पसारा सांभाळला, तो पाहिला म्हणजे हा मनुष्य अशीलांना वेळ केव्हा देत असेल, असा विचार मनात येतो. त्यांच्याच बाररूममध्ये दुसरे एक तेजस्वी व्यक्तिमत्त्व वावरत होते, ते म्हणजे गणेश श्रीकृष्ण खापर्डे. खापर्ड्यांनी १८८५ पासून पाच वर्षे वऱ्हाड सरकारची नोकरी केली. मुन्सफी केली, असिस्टंट कमिशनरी केली, म्हणजे एकाच खुर्चीवर बसून सकाळी महसूल पाहिला आणि दुपारी न्याय केला. आणि १८९० साली ती खुर्ची सोडून अमरावतीस वकिलीची पाटी लावली. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीस काँग्रेस भरली तेव्हा स्वागताध्यक्ष खापर्डेच होते आणि अध्यक्षपदी मद्रासचे शंकरन नायर, जे पुढे स्वतः मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. एकाच गावचे, एकाच धंद्याचे हे दोन पुढारी पुढे दोन वाटांनी गेले. खापर्डे टिळकांचे उजवे हात. मुधोळकर नेमस्त, सनदशीर मार्गाचे निष्ठावंत उपासक. १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे अध्यक्षपद मुधोळकरांकडे आले. अधिवेशनाच्या तीनच दिवस आधी दिल्लीत लॉर्ड हार्डिंजवर बाँब पडला होता, आणि सनदशीरपणाच्या त्या पुरस्कर्त्यास आपल्या जन्मभराच्या मार्गाचे समर्थन त्या धुराच्या वासात करावे लागले.

या रावबहादुरांचे चिरंजीव जनार्दनराव. हा लेख खरा त्यांच्याविषयी आहे. जन्म ९ ऑगस्ट १९०२. म्हणजे कर्झनने वऱ्हाडचा कायमचा पट्टा घेतला तेव्हा हे मूल तीन महिन्यांचे होते. आपण जन्मलो निजामाच्या मुलखात, वडील सभासद इंग्रजाच्या कायदेमंडळाचे, आणि वडिलांच्या अशिलांचे भवितव्य ठरावयाचे ते तिसऱ्याच प्रांताच्या ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टात, अशा त्रांगड्यात ज्याचे बालपण जाते त्याला सत्तेच्या अधिष्ठानाचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. निदान मला असे वाटते. जनार्दनरावांनी स्वतः असे कोठे म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि न्यायाधीशाच्या निर्णयाची मुळे त्याच्या पाळण्यात शोधण्याची खोड चरित्रकारांस असते ती मला फारशी आवडतही नाही. तरीपण या एका बाबतीत मी तिला बळी पडतो.

१९२१ च्या जानेवारीत रावबहादुर वारले, तेव्हा जनार्दनराव अठरा वर्षांचे होते. पुढे केंब्रिजचे शिक्षण, बॅरिस्टरी, आणि परत मायदेशी. तोवर वरिष्ठ न्यायालय म्हणून नागपूरचे ज्युडिशियल कमिशनरांचे कोर्टच चालत होते; हायकोर्ट ही प्रतिष्ठेची संज्ञा या प्रांताच्या वाट्यास आली ती ९ जानेवारी १९३६ रोजी, आणि सर गिल्बर्ट स्टोन हे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. चार वर्षांनी, १९४० च्या जानेवारीत, वास्तुशिल्पी मेड याने आखलेली ती पाषाणी, घुमटाची भव्य इमारत उघडण्यात आली. गंमत अशी, की ज्या वर्षी हायकोर्ट आले त्याच वर्षी, १९३६ च्या ऑक्टोबरात, वऱ्हाडविषयी निजामाशी आणखी एक करार झाला. त्यात निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा एकदा मान्य करण्यात आले, त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली, आणि वऱ्हाडात इंग्रजी निशाणाच्या जोडीने निजामाचेही निशाण फडकावे असे ठरले. कायदे तर इतके गुंतून गेले होते, की कोणते वऱ्हाडास लागू व कोणते नाहीत हा घोळ निस्तरण्यासाठी १९४१ साली मध्यवर्ती सरकारास ‘बेरार लॉज ॲक्ट’ या नावाचाच एक कायदा करावा लागला. लॉ आणि ॲक्ट एका मुखपृष्ठावर अखेर एकदाचे भेटले!

स्वातंत्र्यानंतर जनार्दनराव नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्या न्यायासनावरील त्यांच्या सहकाऱ्यांत व्हिवियन बोस होते, महंमद हिदायतुल्ला होते. तिघेही पुढे दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, ही त्या छोट्या हायकोर्टाच्या गुणवत्तेची मोठीच साक्ष म्हटली पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. हायकोर्ट जबलपुरास गेले, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि जनार्दनराव मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती ठरले. नागपुरास राहिले ते खंडपीठ, आणि ती इमारत. वऱ्हाडच्या पक्षकाराने एका शतकात रेसिडेंट पाहिला, ज्युडिशियल कमिशनर पाहिला, हायकोर्ट पाहिले आणि ते जाताना पाहिले. तो मात्र होता तेथेच, निंबाखाली.

३ ऑक्टोबर १९६० रोजी जनार्दनराव सर्वोच्च न्यायालयात दाखल झाले. तेथील पावणेसहा वर्षांच्या त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना उगीच आरती ओवाळण्याचे कारण नाही. १९६२ सालच्या खडकसिंग खटल्यात, पोलिसांनी संशयिताच्या घरी रात्री-अपरात्री जाऊन त्यास उठवावे हा नियम बहुमताने रद्द केला हे खरे; परंतु खाजगीपणाचा असा काही हक्क घटनेत नाही, असेही त्याच बहुमताने म्हटले, आणि त्या बहुमतात जनार्दनराव होते. सुब्बराव व शहा यांनी भिन्न मत नोंदविले, आणि २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खडकसिंगातील ते विधान पुसून टाकले तेव्हा काळाने कौल सुब्बरावांस दिला. १९६६ च्या मार्चमधील मिरजकर प्रकरणातही तसेच. मुंबईच्या एका अब्रुनुकसानीच्या दाव्यात एका साक्षीदाराची जबानी वृत्तपत्रांनी छापू नये असा हुकूम न्यायमूर्ती तारकुंडे यांनी दिला होता. त्याविरुद्ध पत्रकार सर्वोच्च न्यायालयात आले. नऊ न्यायमूर्तींपैकी एकट्या हिदायतुल्लांनी पत्रकारांची बाजू उचलून धरली, आणि जनार्दनराव गजेंद्रगडकरांच्या सोबत राहिले. मला त्या निकालपत्रात हिदायतुल्लाच अधिक पटतात, हे सांगून ठेवतो.

पण ज्या एका प्रकरणासाठी हे नाव विसरले जाऊ नये ते प्रकरण १९६४ सालचे आहे, आणि त्याचा संबंध जमिनीशी आहे.

घटनेच्या १७ व्या दुरुस्तीने त्या वर्षी दोन गोष्टी केल्या. जमीनसुधारणेचे ४४ कायदे नवव्या परिशिष्टात घातले, म्हणजे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर त्यांना न्यायालयात आव्हान देता येऊ नये अशी तजवीज केली. आणि ‘इस्टेट’ या शब्दाची व्याख्या रुंदावून तीत रयतवारी जमीनही बसविली. त्यापूर्वी केरळच्या एका कायद्याच्या बाबतीत न्यायालयाने म्हटले होते की रयतवारी शेताला इस्टेट म्हणता येणार नाही. त्यावर हा उतारा होता. ४४ कायद्यांत महाराष्ट्राचा १९६१ चा शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदाही होता. म्हणजे वऱ्हाडातील ज्या रयतवारी खात्यावर दोन पिढ्यांच्या वकिलांचा संसार चालला, ते खाते आता घटनेच्या परिशिष्टापर्यंत जाऊन पोहोचले होते. आणि निंबाखालचा तो जुना प्रश्न, वावर जाते का राहते, पाच न्यायमूर्तींपुढे सज्जनसिंग विरुद्ध राजस्थान राज्य या नावाने उभा होता. अर्जदारांचे म्हणणे, की ही दुरुस्तीच अवैध आहे.

पीठ मोठे लक्षणीय होते. मुख्य न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. त्यांच्या जोडीला वांच्छू व रघुबर दयाळ. आणि नागपूरच्या जुन्या न्यायासनावरील दोघे, हिदायतुल्ला व मुधोळकर. ३० ऑक्टोबर १९६४ रोजी निकाल झाला. पाचही जणांनी अर्ज फेटाळले. गजेंद्रगडकरांनी तिघांच्या वतीने लिहिताना १९५१ च्या शंकरीप्रसाद निकालाचाच पुनरुच्चार केला: घटनेत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार मूलभूत हक्कांनाही व्यापतो. नागपूरकर दोघांनी मात्र, अर्ज फेटाळण्यास संमती देऊनही, आपापली स्वतंत्र टिपणे जोडली. हिदायतुल्लांना मूलभूत हक्क एखाद्या विशेष बहुमताच्या हातचे खेळणे होऊ द्यावेत की काय ही चिंता वाटली. जनार्दनरावांनी त्याहून खोल हात घातला. त्यांनी निर्णय दिला नाही; शंका मांडली. घटना समितीने सरनामा इतक्या गंभीरपणे, इतक्या विचारपूर्वक लिहिला, त्यात साऱ्या घटनेचे सार गोठविले. तेव्हा घटनेच्या काही मूलभूत वैशिष्ट्यांना कायमपणा यावा असाच तिच्या कर्त्यांचा हेतू असला पाहिजे, असे त्यांना वाटले. आणि मग पुढचा प्रश्न: त्या मूलभूत वैशिष्ट्यांतच जर बदल केला, तर त्याला घटनेची दुरुस्ती म्हणावे, की घटनेचा एक भाग नव्याने लिहिणे म्हणावे? ते नव्याने लिहिणे असेल, तर तो अधिकार ३६८ व्या अनुच्छेदात आहे काय?

या शंकेस त्यांनी आधार घेतला तो कोणाचा, तर पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाचा. १९६३ साली फजलुल कादर चौधरी यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कॉर्नेलियस यांच्या नेतृत्वाखालील न्यायालयाने असे ठरविले होते, की अडचणी दूर करण्याच्या नावाखाली अध्यक्ष अयूबखानांना घटनेचे मूलभूत वैशिष्ट्य बदलता येणार नाही. १९६४ साली, सीमेवरील तणाव वाढत असताना, दिल्लीच्या न्यायमूर्तीने लाहोरकडील कायदेपंडिताचे मत मोकळ्या मनाने पुढे करावे, यातच त्याच्या विद्येची जात कळते. मुधोळकरांच्या टिपणातील पाने मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. त्यांत कोठेही आवेश नाही, वक्तृत्व नाही, वकील अशिलाला सावधगिरीचा सल्ला देतो त्या स्वरात ती लिहिलेली आहेत. हा अधिकार आहे काय, आणि असल्यास कोणी दिला? ज्या प्रांतात प्रत्येक कलमाच्या मागे मालकाचे नाव विचारण्याची वकिलांना सवयच लागलेली होती, त्या प्रांताचाच हा प्रश्न आहे, असे मला प्रत्येक वेळी वाटत आले आहे. वऱ्हाडच्या पट्टेदारास मुलूख कसावयास दिला होता, त्याचे नाव बदलून टाकण्यास दिला नव्हता. आणि संसदही, जनार्दनरावांच्या शंकेतून पाहिले तर, घटनेची कायमची पट्टेदार ठरते, मालक नव्हे.

ती शंका त्या वेळी फारशी कोणाच्या कानावर गेली नाही. वृत्तपत्रांत अर्ज फेटाळल्याची बातमी आली. परंतु पेरलेले बी जमिनीत राहते. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ प्रकरणात, त्याच सतराव्या दुरुस्तीवर, अकरा न्यायमूर्तींपैकी सहांनी शंकरीप्रसाद व सज्जनसिंग दोन्ही उलथून टाकले. त्या सहांत हिदायतुल्ला होते. आणि २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती प्रकरणात तेरा न्यायमूर्तींच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत मान्य केला: दुरुस्ती वाटेल ती करा, चौकट मोडू नका. आज तो सिद्धांत शाळकरी मुलांच्या नागरिकशास्त्रात आलेला आहे. तो ज्या वाक्यांतून उगवला ती वाक्ये अमरावतीच्या एका गृहस्थाने साडेआठ वर्षे आधी, एका फेटाळलेल्या अर्जाच्या निकालपत्रात लिहिली होती, हे मात्र अमरावतीतही फारसे कोणास ठाऊक नाही. मी तेथील दोन-तीन तरुण वकिलांना विचारून पाहिले. केशवानंद त्यांना तोंडपाठ होता. मुधोळकर म्हणताच त्यांतील एकाने विचारले, “काँग्रेसवाले का?” तेही उत्तर चूक नव्हते, ते वडील होते.

गोलकनाथाच्या वेळी जनार्दनराव न्यायासनावर नव्हते. निवृत्तीचे वय होण्यास वर्षाहून अधिक काळ उरला असताना, ३ जुलै १९६६ रोजी, त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा राजीनामा दिला, कारण दुसऱ्याच दिवशी स्थापन झालेल्या वृत्तपत्र परिषदेचे पहिले अध्यक्षपद त्यांना स्वीकारावयाचे होते. मिरजकर प्रकरणात पत्रकारांच्या विरुद्ध कौल देऊन चारच महिने झाले होते. आता त्याच पत्रकारांच्या स्वातंत्र्याचे व सभ्यतेचे राखणदार म्हणून बसणे प्राप्त झाले. १६ नोव्हेंबर १९६६ पासून परिषदेचे काम सुरू झाले, आणि तो दिवस राष्ट्रीय पत्रकार दिन म्हणून अद्यापि पाळला जातो. १९६८ च्या मार्चमध्ये त्यांनी ते पद सोडले. त्याच सुमारास बिहारमधील चौदा माजी मंत्र्यांवरील आरोपांच्या चौकशीचा आयोग त्यांच्याकडे आला, आणि निवृत्त न्यायमूर्तीला चौकशी आयोगाचे जे चऱ्हाट वळावे लागते ते त्यांनीही वळले. त्या कामाविषयी लिहिण्यासारखे विशेष काही नाही.

परत निघण्यापूर्वी मी त्या माडीवरच्या खोलीत पुन्हा एकदा गेलो. सज्जनसिंगाचा निकाल असलेला अहवालाचा खंड तेथे नव्हताच. वृद्ध वकिलांनी १९५६ नंतरचे अहवाल घेणे सोडून दिले होते, कारण नागपूरचे हायकोर्ट गेले त्या दिवशी, त्यांच्या शब्दांत, त्यांची हौस गेली. ‘पटेल्स अँड पटवारीज लॉ’चे पुस्तक त्यांनी मला नेऊ दिले. पहिल्या पानावर मालकाचे नाव म्हणून त्यांच्या वडिलांची मोडीतील सही होती, तिच्या खाली बोरूनेच एक रेघ ओढलेली, आणि रेघेखाली लिहिले होते: सध्या वहिवाट मुलाची.